बातम्या संपायच्या आधी

सोमवार, ६

आजपासून मुक्काम गच्चीवरच्या खोलीत. एक पलंग, एक खिडकी आणि उशाला पाण्याची टाकी. टाकी भरून वाहायला लागली की ‘पंप बंद करा’ म्हणून बोंब मारायचं काम आता आपसूक माझ्याकडे आलं.

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाईला साथ आली म्हणून घरात बसता येत नाही. आणि रोज चार माणसांत जाऊन येणाऱ्या बाईने हृदय अशक्त असलेल्या सासऱ्यांच्या आसपास फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा साथ ओसरेपर्यंत मी वर, नवरा आणि दादा खाली. डबा जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचा, मी तो उचलायचा.

सामान वर नेताना दादा दारात उभे राहून बघत होते. “सूनबाई, लग्न होऊन आलीस तेव्हाही एवढं सामान नव्हतं तुझं.”

“तेव्हा पटलं नाही तर परत जायचा विचार होता, दादा.”

पोट धरून हसले. मग म्हणाले, “लवकर ये गं खाली,” आणि लगेच आत वळले.

बुधवार, ८

वरून आमची गॅलरी अर्धी दिसते, त्यामुळे संध्याकाळची करमणूक फुकट. दादा निवृत्त पोस्टमन. जन्मभर पत्रं वाटली, आता बातम्या वाटतात. सगळी बिल्डिंग त्यांना ‘टपाल’ म्हणते. साथीआधी चार म्हातारे खाली बाकावर बसायचे. आता आपापल्या गॅलरीत बसून अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडतात. समोरचे मास्तर सुरुवात करतात, “काय टपाल, आज काय विशेष?” की दादा सुरू. “आमच्या सूनबाईंनी सांगितलं...”

गंमत अशी की सूनबाई तेव्हा स्टुडिओत अजून सांगतच असते. नवरा सांगतो, सातच्या बातम्या अर्ध्यावर आल्या की दादा रेडिओ बंद करून गॅलरीत हजर. आज फोनवर चिडवलं, “दादा, माझं बोलणं पुरं तरी होऊ द्या.”

म्हणाले, “पत्र वाटणारा पत्र वाचत बसला, तर वाटणार कधी?”

शुक्रवार, १०

घरच्या ग्रुपवर भांडण. वन्संनी कुठल्या तरी पाल्याची माहिती टाकली, खाली ‘हजारो रुग्ण बरे’. माझी शाळेतली मैत्रीण संशोधन संस्थेत आहे. अशी काही माहिती आली की काय विचारायचं ते तिने मला शिकवलंय. किती माणसांवर करून बघितलं? औषध न दिलेल्या माणसांशी तुलना केली का? आणि ज्यांचा यात फायदा नाही अशा कुणी ते तपासलं का? मी हे प्रश्न वन्संना जसेच्या तसे विचारले. वन्सं ग्रुप सोडून गेल्या.

नवरा जिन्यातून म्हणाला, “तू रेडिओवर सांगतेस तेव्हा लोक माना डोलावतात. घरात सांगितलंस की भांडण होतं. आवाज तर एकच आहे.”

“रेडिओवर मला उलट बोलता येत नाही ना कुणाला.”

बोलून गेले खरी, पण राग गेला नाही. आजूबाजूला माणसं मरतायत आणि हे पाला वाटतायत. उद्या वन्संना फोन करीन. की त्यांनीच करावा?

रविवार, १२

आकडा रोज वाढतोय. वाचताना प्रत्येक आकडा मी स्वच्छ उच्चारते, तेच माझं काम. आज आमच्या ध्वनिमुद्रकाची आई गेली. तो काचेपलीकडे बसला होता, सुट्टी घे म्हटलं तर म्हणाला, “घरी जाऊन काय करू?” तिचा आकडा उद्याच्या बातम्यांत येईल आणि तो मी त्याच्यासमोर वाचीन.

दादांचा फोन. “आज आवाज बसलेला होता तुझा. गरम पाणी पी.” मग, “पोरी, अजून किती दिवस वर?”

मला काय माहीत? “लस नाही, औषध नाही. काहीतरी निघेपर्यंत, दादा.”

“निघेल,” म्हणाले. “आणि निघालं की पहिल्यांदा तूच सांगशील.”

मंगळवार, १४

दमले आहे, पण लिहून ठेवते.

बातम्यांना थोडाच वेळ उरला असताना साहेब, म्हणजे आमचे वृत्तसंपादक, कागद नाचवत आले. सांधेदुखीवरची एक जुनी, स्वस्त गोळी या साथीला रोखते असं एका अभ्यासात दिसलंय. मी माझे तीन प्रश्न काढले. साहेब म्हणाले, “बाई, कधी नव्हे ती चांगली बातमी आलीय, तिची उलटतपासणी काय घेताय?” तरी मैत्रिणीला फोन केलाच. ती म्हणाली, अभ्यास अगदी लहान आहे, कुणी तपासलेला नाही, सांगायचंच असेल तर हे स्पष्ट सांग. मी हटून बसले आणि शेवटी एक वाक्य घालून घेतलं: ‘हा अभ्यास लहान असून तज्ज्ञांनी तो अजून तपासलेला नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी कोणीही घेऊ नये.’

वाचताना आधीची, मंत्र्यांच्या भाषणाची बातमी लांबली. काचेपलीकडून हात फिरला, आवरतं घ्या. आमच्याकडे कात्री नेहमी खालून लागते. महत्त्वाचं वर असतं, म्हणून वेळ कमी पडला की प्रत्येक बातमीचं शेपूट सोडायचं. हात सवयीने पुढच्या कागदाकडे गेला आणि ते वाक्य राहिलं. बातम्या मात्र अगदी वेळेत संपवल्या. साहेबांनी अंगठा दाखवला.

थोडी चुटपुट लागली. पण ‘दिसून आलं आहे’ असंच म्हटलं होतं, ‘घ्या’ असं कुठे म्हटलं? आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळी थोडीच देतात.

घरी आले तर गॅलरीत जत्रा. दादांनी वर बघून हात हलवला. “काय बातमी आणलीस सूनबाई! आज टाळ्या पडल्या मला.” किती दिवसांनी ते चारही म्हातारे हसताना दिसले.

शुक्रवार, १७

लोकांना काय म्हणावं! ती गोळी गावातून गायब झालीय. सांधेदुखीची एक बाई रेडिओला फोन करून रडली, तिची नेहमीची गोळी तिलाच मिळत नाही. माणसं एक वाक्य ऐकतात आणि धावत सुटतात. पुढचंमागचं ऐकायला नको कुणाला. मैत्रिणीला तसं म्हटलं. ती म्हणाली, “तू ते वाक्य वाचलं होतंस ना?” मी म्हटलं, वेळ संपला होता. “बरं,” म्हणाली. तिच्या त्या ‘बरं’चा मला रागच आला.

दादांनी नवीन शक्कल काढलीय. पोस्टातली जुनी खाकी पिशवी दोरीला बांधून गॅलरीतून खाली सोडतात, दुकानवाले त्यात सामान ठेवतात, हे वर ओढतात. आज मी फाटकातून आत येताना औषधवाला म्हणाला, “दादांचं पार्सल गेलं बरं का वर. रेडिओवाल्या बाईंचं घर म्हणून आपण नाही म्हणत नाही.” हृदयाच्या गोळ्या वेळेवर आल्या म्हणायच्या. नवऱ्याचं एक काम वाचलं.

फोनवर दादा फार खुशीत. “पोरी, तू तुझी गोळी घेतेस ना?”

माझ्या थायरॉइडच्या गोळीवरून ते लग्नापासून मागे लागलेले. “घेते हो दादा, रोज सकाळी.”

“चुकवू नकोस. मी ठणठणीत राहिलो की तुला वर राहायचं कारण काय? येशील बघ लवकर खाली.”

सोमवार, २०

मैत्रिणीचा सकाळी फोन. अभ्यास मागे घेतलाय. मोठ्या चाचणीत गोळीचा काडीचा उपयोग दिसला नाही, उलट अशक्त हृदयाच्या लोकांचे ठोके बिघडतात. तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, ही दुरुस्ती आज वर घ्यायची, जिथे ती बातमी होती तिथेच.

“दुरुस्ती शेवटी, हवामानाच्या आधी. आजवर तसंच चालत आलंय.”

“साहेब, लोक गोळ्या खातायत.”

“आणि वर घेतली तर लोक म्हणतील, यांचं कालचंही खरं नाही आणि आजचंही. मग उद्या तुम्ही मास्क लावा म्हटलेलंही ऐकणार नाहीत.”

भांडले. पण त्यांच्या म्हणण्यातही अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. शेवटी हवामानाच्या आधी वाचली. हळू, स्वच्छ, एकही शब्द न गाळता. बाहेर आल्यावर मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. घरी फोन केला तर नवरा म्हणाला, दादा केव्हाचे गॅलरीत आहेत, सभा रंगलीय. बरं वाटलं.

वन्संना फोन केला. दोघी रडलो. पाल्याचा विषय कुणीच काढला नाही.

बुधवार, २२

दादांना चक्कर आली. नवरा म्हणतो उन्हाने, दुपारभर गॅलरीत बसतात, ऐकत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी बोलावून घेतलं. चेहरा उतरलाय. “छातीत कसं वाटतंय?”

“कबूतर बसलंय. मधूनच फडफडतं.” मग डोळे मिचकावले, “तू खाली आलीस की उडून जाईल.”

“दादा, डॉक्टरांना फोन करू या.”

“आता डॉक्टरांना म्हाताऱ्याच्या कबुतरासाठी वेळ आहे का? बाकी मला काही होत नाही. मी बंदोबस्त केलाय.”

बंदोबस्त म्हणजे देवाला नवस वगैरे केला असणार. तरी डॉक्टरांना मीच फोन लावला. दिवसभर कुणी उचलला नाही.

शनिवार, २५

दादा गॅलरीत पडले.

रुग्णवाहिकेचे लोक डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. सगळे धरूनच चालले की साथच आहे. मी मधल्या पायरीपर्यंत उतरले तर त्यांच्यातला एक ओरडला, मागे व्हा. स्ट्रेचर माझ्यापासून इतकं जवळून गेलं की हात पुढे केला असता तर लागला असता. मी केला नाही. नियम मीच रोज वाचते.

दादांनी डोळे उघडले. “सातच्या बातम्या आहेत ना तुझ्या? जा. उशीर करू नकोस.”

मी गेले. वाचल्या. काय वाचलं ते आठवत नाही.

सोमवार, २७

काल सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला, तपासणीत साथ निघाली नाही. साथ नाहीच! मी गच्चीवर नाचले. आठवलं की अंगावर काटा येतो.

दुपारी डॉक्टरांचा पुन्हा फोन. हृदयाचे ठोके कशाने तरी बिघडलेत. नेहमीच्या गोळ्यांखेरीज काही घेत होते का? नवऱ्याने घर शोधलं. टपालाच्या पिशवीत, तळाशी, गोळ्यांची चुरगळलेली रिकामी पाकिटं सापडली. त्याने ती जिन्यातून वर धरून मला दाखवली. नाव वाचायची गरजच नव्हती. ते मी अख्ख्या गावाला वाचून दाखवलं होतं.

“पण दुरुस्ती वाचली होती मी,” मी म्हणाले. दोनदा म्हणाले. नवऱ्याने ती पाकिटं परत पिशवीत ठेवली. त्यालाही आठवलं असणार की दादा तेव्हा गॅलरीत होते.

आज पहाटे दादा गेले. शेजारी आमच्यापैकी कुणी नव्हतं.

गुरुवार, ३०

काही लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते, कारण बोलायला गेले की नवरा म्हणतो, “नको आता.”

त्याला माझा राग आलाय का? विचारलं. म्हणाला, “मला माझाच येतो. एकाच घरात होतो मी. तू तर वर होतीस.” मग आम्ही जिन्याच्या दोन टोकांना बसून रडलो. मी अजून वरच राहते. सवयीने. सातच्या बातम्या दुसरं कुणी वाचतंय.

घरात किती वेळा म्हणाले होते, दादा, मनाने काही घेऊ नका. ते ऐकलं नाही त्यांनी. ऐकलं ते रेडिओवरच्या बाईचं. ती बाई खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. आणि ती खोटं बोललीही नव्हती. फक्त वेळेत संपवायच्या घाईत होती.

ते वाक्य मला पाठ आहे. वाचून बघितलं, तर एका श्वासात होतं.

शनिवार, २

संध्याकाळी समोरच्या गॅलरीत मास्तर एकटेच बसलेले दिसले. गच्चीच्या कठड्याशी गेले. त्यांनी मान वर केली.

“पोरी, टपाल गेला आणि अंगण मुकं झालं बघ.”

मग म्हणाले, “पण गोळ्यांची सोय लावून गेला. पिशवीतून वाटल्या त्याने आम्हा तिघांना. अजून थोड्या आहेत.”

“मास्तर, अजून घेताय? मी दुरुस्ती वाचली होती हो! त्या गोळ्यांचा उपयोग नाही, उलट अपाय होतो. दादा त्यानेच...”

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. “कसली दुरुस्ती? टपाल गॅलरीत आला की आम्हीही रेडिओ बंद करायचो. तो सांगायचा की सगळं.”

“त्यांनाही कुठे शेवटपर्यंत ऐकायचा धीर होता,” मी म्हणाले. मला हुंदका आला. “तुम्हाला सांगायची घाई असायची त्यांना.”

“घाई?” मास्तर म्हणाले. “आम्ही कुठे पळून जात होतो? मी विचारलं होतं एकदा त्याला, अरे पुरतं ऐकत का नाहीस? म्हणाला, शेवटी ती ‘बातम्या संपल्या’ म्हणते ना, मग घर खायला उठतं. त्याच्या आधीच बंद केलं की वाटतं, पोर अजून बोलतेय.”

मी त्यांना सांगितलं, त्या गोळ्यांना हात लावू नका, बाकीच्या दोघांनाही आत्ताच सांगा. मग कठड्याला धरून खाली बसले.

रविवार, ३

कामावर गेले. साहेब उठून उभे राहिले. मी म्हटलं, आज मी वाचते, आणि ती दुरुस्ती सगळ्यात आधी वाचणार आहे.

“बाई, ती आता जुनी झाली.”

“ज्यांनी ऐकली नाही त्यांना नवीनच आहे, साहेब.”

“आणि लोकांनी विश्वास टाकला नाही तर आपल्यावर?”

“एकाने टाकला होता. पूर्ण.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग स्वतःच माझा कागद सगळ्या कागदांच्या वर ठेवला.

वाचलं: “बातम्यांच्या आधी एक दुरुस्ती. सांधेदुखीची गोळी या साथीपासून वाचवत नाही. हृदय अशक्त असलेल्यांना तिने अपाय होतो. कोणी घेत असाल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा. ही बातमी पूर्वी मीच वाचली होती. तिचं शेवटचं वाक्य मी गाळलं होतं. ते वाक्य असं होतं.” आणि वाचलं ते. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने मान खाली घातली. आवाज फाटेल असं वाटलं होतं, पण नाही फाटला.

सोमवार, ४

सकाळी मास्तरांनी हाक मारून टपालाची पिशवी मागितली. नवऱ्याने ती नेऊन दिली. तिघांनी उरलेल्या गोळ्या तिच्यात टाकल्या आणि मास्तरांनी त्यांच्या गॅलरीतून ती दोरीने खाली औषधवाल्याकडे सोडली. औषधवाला मान वर करत नव्हता. पिशवी रिकामी होऊन वर आली.

नवऱ्याने सांगितलं, काल त्याने दादांचा रेडिओ गॅलरीत नेऊन मोठ्याने लावला होता. “सगळं ऐकलं?” मी विचारलं.

“सगळं. तू ‘बातम्या संपल्या’ म्हणालीस तोवर.” मास्तरांनी सांगितलेलं मी त्याच्या कानावर घातलं होतंच. मग म्हणाला, “दादांचं बरोबर होतं गं. घर खायला उठतं.”

दुपारी त्याने मधल्या पायरीवर डबा ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला. मी डबा उचलला आणि वर गेले नाही, खाली उतरले. मग दोघांनी मिळून गच्चीवरचं सामान खाली आणलं.

आता वर राहायचं काही कारणच उरलं नाही.